खोडरबर आहे का घरात?

संगणक बिघडला की तो कोणामुळे बिघडला, हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असतं. बायकोच्या मते मुलाच्या गेममुळे. मुलाच्या मते बाबा ‘मोफत पीडीएफ’ दिसेल तिथे क्लिक करतात म्हणून. आणि आईच्या मते, बिचाऱ्याला रात्रभर जागवतात म्हणून. ही मतं कधीचीच तयार होती, बिघाडाने फक्त ती बोलून दाखवायची सोय केली.

खुद्द संगणकही याच घरात वाढलेला. मध्येच पडदा निळा व्हायचा, २०१२ पासून त्या पडद्यावर मुक्कामाला आलेला तो आडवा, दुर्मुखलेला चेहरा दिसायचा आणि खाली कुणावर तरी आळ. आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी, उद्या फाइल सिस्टीम, परवा आणखी कुणी. सोबत दर वेळी नवा, अगम्य संकेतांक. तहसील कचेरीतून ‘कलम अमुक, पोटकलम तमुक अन्वये’ असा कागद आला की गुन्हा कळायच्या आधीच आपण हात जोडतो, तसा मी त्या संकेतांकापुढे हात जोडून बसे.

‘विंडो मारून टाक’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घाल, असं मित्र सांगत होते. आपल्याकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध. पण सी ड्राइव्हवर माझे जुन्या फाँटात टाइप केलेले लेख होते. तो फाँट उडाला की त्यातलं मराठी कुणाच्या बापाला वाचता येत नाही. (काही संपादकांच्या मते ते आधीही येत नव्हतं.) म्हणून मी मुळाशी जायचं ठरवलं.

इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक वही संगणक आपल्या नकळत लिहीत असतो. शहाण्या माणसाने ती उघडू नये. ठणठणीत संगणकाच्या वहीतही लाल-पिवळ्या खुणांची रांग असते: ही सेवा वेळेत सुरू झाली नाही, त्याला परवानगी मिळाली नाही. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन करणारे भामटे गिऱ्हाइकाला नेमकी हीच वही उघडायला लावतात. मी भामट्याची वाट न पाहता स्वतःच घाबरलो.

मग काळ्या खिडकीत ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा दिली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, की खराब फाइली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. मग ‘डिझम’. ही आज्ञा, ज्या साठ्यातून फाइली दुरुस्त होतात, तो साठाच दुरुस्त करते. शेवटी चेक डिस्क लावली. तिचा टक्का एका आकड्यावर जो बसला तो उठेना. आई येता-जाता चौकशी करी, “किती झाले रे?”

“तेवढेच आहेत.”

“तुला दहावीला गणितात होते, तेवढे तरी पडू देत.”

अशा वेळी थोरामोठ्यांची दुःखं आठवावीत. १९९८ साली शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळा पडदा आला. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले गेले. मायक्रोसॉफ्टने तेव्हा काही ग्राहकांचा अनुभव सांगितला, की पंधरा वेळा बंद-चालू करावं लागू शकतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या कॉलनीतला केबलवालाही वेगळं काही सांगत नाही.

अखेर दुरुस्तीवाला मुलगा आला. मी त्याला साद्यंत इतिहास सांगू लागलो. त्याने मध्येच तोडलं.

“काका, दर वेळी एरर वेगळा येतो ना?”

“हो.”

“मग रॅम. खोडरबर आहे का घरात?”

मुलाच्या कंपासपेटीतला रबर आला. त्याने कॅबिनेट खोललं, रॅमची पट्टी उपसली, तिच्या कडेचे सोनेरी दात रबराने घासले, फुंकर मारली आणि टक् आवाज येईपर्यंत पट्टी दाबून बसवली. धूळ आणि दमट हवा यांनी तिथला संपर्क ढिला होतो. एखादा बिट चुकीचा वाचला जातो, त्या जागेवर जो प्रोग्राम बसलेला असेल तो पडतो आणि निळ्या पडद्यावर नाव लागतं त्याचं. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर निर्दोष. फाइल सिस्टीम निर्दोष. आणि मी दिलेल्या त्या सगळ्या दुरुस्तीच्या आज्ञा? त्याही त्याच रॅममध्ये बसून दुरुस्ती करत होत्या!

संगणक सुरू झाला. लेख जागेवर होते, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मी पाकीट काढलं, तर त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“काका, एकदा विंडो मारून घेऊ.”

“अरे, पण चालतोय ना आता?”

“चालतोय. पण आता खोललाच आहे तर...”

मी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॅबिनेटचे स्क्रू स्वतः आवळले.