कागदी चांदुकला

अंघोळ करताना गाणाऱ्या माणसाला बाहेर आपल्याबद्दल काय चाललंय याचा पत्ता नसतो. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली ब्लांश टबात बसून कागदी चंद्राचं एक अमेरिकन गाणं म्हणत असते, आणि नेमका तेव्हाच तिचा मेहुणा पलीकडे आपल्या बायकोपुढे तिच्या पूर्वायुष्याची लक्तरं काढत असतो.

१९४९ साली दिग्दर्शक कारोलोस कूननं हे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आणलं. ब्लांश होती मेलिना मर्कुरी. तिच्यासाठी पंचविशीही न गाठलेल्या संगीतकार मानोस हाजिदाकिसनं अमेरिकन गाणं उसनं न घेता स्वतःचं केलं. शब्द कवी निकोस गात्सोसचे. ‘हार्तिनो तो फेंगाराकी’. हार्तिनो म्हणजे कागदी, फेंगारी म्हणजे चंद्र, आणि शेवटी ‘आकी’ लागलं की त्याचा चांदुकला होतो. ग्रीक माणूस लाडानं कॉफीलाही ‘आकी’ लावतो, मग चंद्र कसला सुटतोय! तसाही रंगमंचावरचा चंद्र कागदाचाच. कूनचे प्रयोग संपले, पण हा चांदुकला काही खाली उतरवता आला नाही. तो नाटकाचा हात सोडून घरोघरी गेला. (ओठांवरची निम्मी नाट्यपदं कुठल्या नाटकातली, हे आपण तरी कुठे सांगू शकतो?)

सगळंच इतकं लडिवाळ नव्हतं. १९५९ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘पक्षी’ला हाजिदाकिसनं संगीत दिलं, दिग्दर्शक पुन्हा कून. नाटकातल्या पुरोहितानं चर्चमधल्यासारखा सूर लावला आणि पहिल्याच प्रयोगानंतर सरकारनं बंदी घातली. जवळजवळ दोन हजार चारशे वर्षांचा विनोद, तरी त्याच्यात एखाद्या मंत्र्याला झोंबण्याइतकी धग शिल्लक होती. कुठल्याही नाटककारानं हेवा करावा.

गंमत म्हणजे हाजिदाकिसला ऑस्कर मिळालं ते ‘नेव्हर ऑन संडे’ या सिनेमातल्या गाण्यासाठी, आणि पडद्यावर ते गाणारी मर्कुरीच. तो बक्षीस घ्यायला गेला नाही. त्या गाण्याच्या अफाट लोकप्रियतेचा त्याला पुढे वीटच आला.

चांदुकल्याची चाल मात्र मला चिकटली आहे. परवा नळाखाली मीही ‘फेंगाराकी’चा ‘आकी’ चांगला लांबवला. बाहेर क्षणभर शांतता पसरली. मग विचारणा झाली, “पाणी फार गरम आहे का रे?”