मोहिनीराजाच्या गावातील मर्दुमकी

प्रवरेच्या काठी ज्या गावात शके १२१२ मध्ये, वाळीत टाकलेल्या आईबापांच्या मुलाने एका खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, आणि ज्या गावाचे ग्रामदैवत मोहिनीराज, म्हणजे अमृत वाटण्यासाठी स्त्रीरूप धारण केलेला साक्षात विष्णू आहे, त्या नेवाशात पुरुषार्थाच्या संरक्षणाची जबाबदारी हल्ली 'बीजीएमआय' हा मोबाइलवरील लढाईचा खेळ खेळणाऱ्या तरुण मंडळींनी स्वखुशीने पत्करली आहे, हे कळविताना आम्हांस अतीव संतोष होतो.

या मंडळींची शिस्त कडक असते. स्क्वाडमध्ये रँडम म्हणून आलेल्या एखाद्या भिडूचा आवाज जरा मऊ निघाला, किंवा आपण समलिंगी आहोत असे तो सहज बोलून गेला, की शत्रू शंभर पावलांवर असतानाही युद्ध तहकूब होते, त्याच्या मातृकुळाची सविस्तर तहकीक होते, आणि तो नॉक होऊन पडलाच, तर त्याला रिव्हाइव्ह करण्याचा अर्ज एकमताने नामंजूर होतो. मौज अशी, की हा निवाडा देणाऱ्या न्यायाधीशाचे स्वतःचे पात्र पुष्कळदा लांब केसांची तरुणी असते, आणि तिच्या पोशाखासाठी लागणारी यूसी, म्हणजे खेळातील नाणी, तीर्थरूपांच्या खात्यातून आलेली असतात. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेण्यास आक्षेप नाही. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूवरून जीव ओवाळून टाकला, त्याने तो घेऊही नये. आक्षेप आहे तो सोंग नसण्याला. कलम ३७७ चा फास सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सोडविला खरा, परंतु त्या निकालाची नक्कल या खेळातील एरँगलच्या बेटावर अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

यात केवळ नेवासकरांस दोष देणे अन्यायाचे होईल. २००६ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका बाईने, आमच्या संघात समलिंगींचे स्वागत आहे, अशी दवंडी दिली, तेव्हा ब्लिझार्ड कंपनीने जिचा छळ होण्याचा संभव होता तिलाच छळाच्या कलमाखाली ताकीद दिली. माफी मागाहून आली. २०१० साली तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स दफ्तराने अमेरिकेतील 'फोर्ट गे' गावच्या एका रहिवाशाचे खाते, त्याने आपल्या गावाचे खरे नाव लिहिले एवढ्याच अपराधावरून, स्थगित केले, आणि रदबदलीस खुद्द नगराध्यक्षांना उतरावे लागले. (आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, तरी कोणाचे खाते बंद पडल्याचे ऐकिवात नाही.)

आमच्याकडील बीजीएमआय चालविणारी क्राफ्टन कंपनी मात्र लोकभावनेस जपणारी. २०२१ साली हा खेळ नव्या नावाने अवतरला तो मेलेल्यांचे रक्त हिरवे करून, आणि अज्ञान मुलांना दिवसाकाठी तीनच तास संहाराची परवानगी देऊन. म्हणजे कोमल मनावर तांबड्या रंगाचा आघात होऊ नये याचा चोख बंदोबस्त झाला. माइकमधून काय वाहते त्याचा रंग तपासण्याची तजवीज तेवढी राहून गेली.

सबब कंपनीस नेवाशाहून नम्र अर्ज आहे, की रक्त हिरवे करण्यावर जो कारभारी नेमला होता, तो आता रिकामा असल्यास, मराठी आणि हिंदी शिव्या कळणारा एक कारकून सोबत देऊन त्याची बदली माइकच्या खात्यावर करावी; आणि तो हुकूम निघेपर्यंत, वाचकहो, आपल्या चिरंजीवांचा इअरफोन एकदा आपल्याच कानाला लावून पाहावा.