शार्डोने मुरवण्याचा विधी : घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात राहून उंची, कोरडी, पांढरी शार्डोने वाइन दहा वर्षं मुरवण्याची इच्छा झालेल्या गृहस्थाने आधी आपण घाटावरचे की घाटाखालचे, याचा विचार करावा. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. तिथे मे महिन्यात निदान पहाटे तरी डोळा लागतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. तिथे पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि बाटलीतली वाइन फुगून बूच वर ढकलू लागते. शार्डोनेला हवेत १२-१३ अंश, बारा महिने, अंधारात, दमट हवेत, धक्का न लागता. एवढी बडदास्त घाटाखाली जावयाचीही होत नाही.

मग परवाना. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात वाइन बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो, आजीवनही मिळतो. दहा वर्षं मुरवणाऱ्याने एक दिवसाचा घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

बाटली निवडताना मात्र भावनेला थारा नको. जगातली बहुतेक शार्डोने दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. टिकते ती मुख्यतः आम्लाच्या जोरावर. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, आम्ल शाबूत राहतं, म्हणून तिथल्या चांगल्या बाटल्या दशकभर तग धरतात. महाराष्ट्रात द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऊन तापू लागतं तसं आम्ल उतरतं. तरी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली या वाइनरीने पिएरो मासी या इटालियन वाइनकाराच्या देखरेखीखाली शार्डोने पिकवून दाखवली. ती चवीने प्यावी. नातवाच्या मुंजीसाठी राखून ठेवू नये. (आम्लाच्या बाबतीत बुलढाणा जिल्हा आधीच दुसऱ्या टोकाला आहे. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास, शार्डोनेचा ३.३ च्या आसपास.)

आता तळघर. इथे हमखास कुणीतरी पेवाची आठवण काढतो. पूर्वी ज्वारी जमिनीखाली पेवात ठेवत, तिथे गारवा असे, मग तिथेच बाटल्या का ठेवू नयेत? युक्ती सुंदर आहे. फक्त जमिनीखाली काही मीटर गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन थांबतं, आणि पुढे कितीही खणलं तरी गारवा वाढत नाही. बर्गंडीतल्या बोन गावाची सरासरी ११ अंशांच्या आसपास. तिथल्या माणसाने खड्डा खणला की निम्मं काम झालं. घाटाखालची सरासरी पंचविशीच्या वर. म्हणजे काळी माती उपसून, गावभर चर्चा ओढवून हाती काय येतं, तर २६-२७ अंश. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो; बर्गंडीत दहा वर्षांत येणारं वय इथे साडेतीनेक वर्षांत येतं, आणि ते काही शहाणपणाचं वय नसतं. शिवाय जुनं पेव उघडून लगेच आत उतरू नये. धान्याच्या श्वसनातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्यात माणसं गुदमरलेली आहेत. ही सूचना विनोदाने घेऊ नये.

घरचा फ्रिज ४-५ अंशांवर, हवा कोरडी. त्यात वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं. कूलर दमटपणा देतो, पुरेशी थंडी देत नाही. उरतं ते वाइनचं खास विजेचं कपाट. तेच खरं उत्तर. पण भारनियमन आलं की इन्व्हर्टर पंख्याला जोडायचा की बाटलीला, हा ठराव घरात आधीच मंजूर करून घ्यावा आणि सासूबाईंची सही घ्यावी.

बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं. पिळाच्या झाकणाची उभी चालते. आडवी बाटली दिसली की ती रिकामीच, असा समज सर्वत्र आहे. तो दूर करण्याच्या भानगडीत पडू नये. चोरी टळते.

उघडल्यावर तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, बाधत नाहीत. रंग सोनेरी, वास मध आणि भाजलेल्या बदामाचा आला तर जमलं. रंग चहासारखा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आला तर वाइनला हवा लागली. त्यातही मान खाली घालायचं कारण नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीतल्या कित्येक महागड्या पांढऱ्या वाइन भरवयात अशाच निघाल्या आणि तिथे तळघरं होती.

सोबत शेगावची कचोरी असेल तर तळलेली मिरची बाजूला काढावी. तिखटाने अल्कोहोल जास्तच जळजळतं. मिरची सोडवतच नसेल तर बाटली पाहुण्यांकडे सरकवावी आणि आपण ताक घ्यावं.