पंचविशीच्या आतला गुन्हा

ब्रिटनमध्ये 2005 साली हॉवर्ड स्टेपलटन यांनी ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र काढलं. दुकानाबाहेर लावायचं, त्याची सुमारे 17 किलोहर्ट्झची कर्कश किणकिण साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येते, म्हणजे पोरांची टोळकी आपोआप पांगतात. दुकानदार म्हणतील, काचा फुटतात, गिऱ्हाईक बिचकतं. मान्य. पण यंत्राला काच फोडणारा कुठे कळतो? त्याला फक्त कोवळे कान कळतात. बाबागाडीतलं तान्हं बाळही त्याच्या लेखी गुंडच. साठीच्या वरच्यांना हुसकावणारा भोंगा कुणी लावला असता, तर संसदेत रान पेटलं असतं. (म्हाताऱ्यांना मत असतं.) पोरांनी मात्र तोच आवाज मोबाइलची रिंगटोन करून टाकला, भर वर्गात फोन वाजू लागले आणि मास्तरांना पत्ताच नाही.