पाप गुप्त, थकबाकी जाहीर

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ज्या धर्मग्रामाच्या शाळेचे पालकांसाठी निघणारे सूचनापत्रक हल्ली आमच्या वाचनात नेमाने येते, त्या शाळेचे नाव सांगण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. कारण नाव सांगितल्याने त्या एका शाळेची अपकीर्ती होईल, आणि तिच्या आजूबाजूच्या ज्या शाळांची पत्रके याच साच्यातून निघतात त्यांना फुकटात निर्दोषत्वाचा दाखला मिळेल. पत्रक एका पानाचे असते, मजकूर मात्र एखाद्या संस्थानी राजपत्रास लाजवील असा. त्यात कोणी कोणास आज्ञा करीत नाही. ‘पालकांस कळविण्यात येते’, ‘अपेक्षा करण्यात येते’, ‘खेदपूर्वक निदर्शनास आणण्यात येते’, अशी सर्व क्रियापदे कर्त्यावाचून आपापली कामे बिनबोभाट उरकीत असतात, आणि विलंबशुल्काचा आकडा आला की मात्र वाक्याला एकाएकी कर्ता, कर्म व मुदत ही तिन्ही प्राप्त होतात.

धर्मग्रामाच्या शाळेची घडण ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे अवश्य आहे, की देवळाचा प्रमुख धर्मगुरू हाच बहुधा शाळेचा व्यवस्थापक असतो. देऊळ आणि शाळा यांच्यामध्ये एक अंगण, आणि त्या अंगणातून दिवसाकाठी कितीदा तरी ये-जा करणारे एकच गृहस्थ. रविवारी ते ज्या हाताने पापक्षमेचा क्रूस काढतात, त्याच हाताने सोमवारी पत्रकाखाली दस्तुरखुद्द सही ठोकतात. इतर शाळांतल्या पालकाला व्यवस्थापकाविरुद्ध निदान देवाकडे दाद मागता येते. येथे दाद मागावयास गेले, तर त्या कचेरीतही तेच गृहस्थ भेटण्याचा संभव. या व्यवस्थेत गैर काही आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट वसईच्या वाड्यावाड्यांतून, जेथे पूर्वी अक्षरशत्रुत्वच वंशपरंपरेने चालत आले होते, तेथे वकील, डॉक्टर, शिक्षिका आणि परिचारिका निपजल्या त्या याच अंगणाच्या कृपेने, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. आमची शंका एवढीच, की एकाच गृहस्थाच्या दोन खुर्च्यांना दोन निरनिराळी धर्मशास्त्रे कशी काय लागू होतात.

देवळातल्या खुर्चीचे शास्त्र आधी पाहू. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचे बंधन घातले, आणि त्याच कलमात धर्मगुरूसही बजावून ठेवले, की कानी आलेले पाप शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही मार्गाने उघड केल्यास त्यास पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्तास बसविले जाईल. प्राग नगरीतील योहान नेपोमुक याला १३९३ साली राजाने व्ल्तावा नदीत बुडविले. राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास त्याने नकार दिला म्हणून, अशी श्रद्धा आहे, आणि याच श्रद्धेपोटी त्याचे पुतळे युरोपात पुलापुलांवर उभे आहेत. म्हणजे माणसाने चोरी केली, व्यभिचार केला, सख्ख्या भावाच्या बांधावरून कोयता उगारला, तरी ती गोष्ट त्या लाकडी जाळीच्या पलीकडे जाणार नाही, याची हमी या धर्माने आठशे वर्षे दिलेली आहे व एरवी फुशारकी न मारणाऱ्या आमच्यासारख्यांनीही मारावी इतक्या निष्ठेने पाळलेली आहे.

आता शाळेतल्या खुर्चीचे शास्त्र. देवळाकडून अंगण ओलांडून शाळेच्या दारात आले, की डाव्या हाताला काचेचे कपाट असलेला एक सूचनाफलक दिसतो. वरच्या अंगाला येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, त्याखाली महिन्याचे सुवचन, ते बहुधा क्षमेविषयीच. आणि सुवचनाच्या खाली, त्याच टाचण्यांनी टोचलेली, इयत्ता व तुकडी यांसह छापलेली, शुल्क थकलेल्या विद्यार्थ्यांची यादी. नावांपुढे रकमा, रकमांपुढे किती महिन्यांची बाकी ते, आणि ज्यांचा भरणा झाला त्यांच्या नावावर लाल शाईची रेघ. चौथीतली एक मुलगी काचेवर बोट ठेवून आपल्या मैत्रिणीचे नाव वाचीत होती, आणि ती मैत्रीण शेजारी उभी राहून चित्रातल्या पवित्र हृदयाकडे फार लक्षपूर्वक पाहत होती. त्या मैत्रिणीच्या बापाने बायकोला मारले असते तर ते गुप्त राहिले असते. त्याची केळीची बाग वादळाने झोपली आणि दुसऱ्या सत्राचा हप्ता तटला, हे मात्र बालवर्गापासून दहावीपर्यंत सर्वांस विदित आहे.

कोणी म्हणेल, देवळातही नावे जाहीर वाचली जातातच की. जातात. मिस्सा संपता संपता, शेवटच्या आशीर्वादापूर्वी, सूचना देण्याची मुभा उपासनाविधीतच आहे. आणि लग्न ठरलेल्या वधूवरांची नावे लागोपाठ तीन सणवारी देवळात पुकारावीत, कोणास हरकत असेल त्याने ती कळवावी, हे तर १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने ठरवून दिलेले. परंतु या पुकाऱ्याचा हेतू पाहा: पुढे होणारा अनर्थ टाळावा, फसवणूक होऊ नये, हा. थकबाकीदाराच्या यादीने कोणता अनर्थ टळतो? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हरकत घ्यावी, की बुवा हा मुलगा तिसरीत बसण्यास पात्र नाही, अशी शाळेची अपेक्षा आहे काय?

या पत्रकात यादीखेरीज इतर मौजही आहे, नाही असे नाही. सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला येतो, आणि तो दिवाळीच्या सुट्टीत सापडण्याचा धोका असल्यामुळे शाळा संतांना सोयीप्रमाणे पुढेमागे सरकविते. यंदाची सूचना अशी, की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या संताच्या वेषात यावे, ‘वेष घरगुती साहित्यातून तयार करावा, अनावश्यक खर्च टाळावा’. वसईत आवडीचा संत कोण हे काय सांगावयास हवे! गोन्सालो गार्सिया हा याच मातीत जन्मलेला. एके काळी जपानात व्यापार करून चार पैसे गाठीला बांधलेला. मग ते सारे सोडून फ्रान्सिस्कन संघात शिरलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस क्रूसावर गेलेला आणि १८६२ साली संतपदास चढलेला. त्याचा वेष म्हणजे तपकिरी झगा आणि कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी. पहिली गाठ दारिद्र्याची, दुसरी ब्रह्मचर्याची, तिसरी आज्ञापालनाची. एका माउलीने घरचा तपकिरी पडदा उसवून झगा शिवला, बागेतल्या सुतळीला चुना फासून दोरी केली, आणि पोराला हौसेने धाडले. पोर रडत परत आले. उरलेल्या साऱ्या गोन्सालोंचे झगे स्टेशनरोडवरच्या वेषभूषेच्या दुकानातून भाड्याने आणलेले, इस्त्रीचे, आणि अनामत रक्कम भरून घेतलेले होते. त्यांतल्याच एकाला पहिले बक्षीस मिळाले. दारिद्र्याचे व्रत एका दिवसापुरते भाड्याने मिळते, आणि सायंकाळपर्यंत परत न केल्यास अनामत बुडते, एवढे धर्मशिक्षण त्या दिवशी पोरांच्या पदरी निश्चित पडले. दुकानदाराने यंदा झग्यांचा आणखी एक गठ्ठा शिवून घेतल्याचे कळते.

त्यापुढील कलम पालक-शिक्षक संघाचे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने या संघाच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडावेत असे ठरविले आहे, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही. ही सोडत म्हटली की आम्हांस भक्तिभाव दाटून येतो. कारण यूदाची रिकामी झालेली जागा भरताना प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या आणि चिठ्ठी मथियसच्या नावाची निघाली होती. तथापि आमच्या शाळेत सोडतीची सभा मंगळवारी सकाळी दहाला ठेवण्याची वहिवाट आहे. त्या वेळी निम्मे बाप पहाटेच्या गाडीने मोगरा आणि चाफा घेऊन दादरच्या फूलबाजारात गेलेले असतात, आणि आया उरलेला भाजीपाला विकून परतीच्या वाटेवर असतात. सभेला जे चौदा-पंधरा पालक हजर राहू शकतात, त्यांच्याच नावांच्या चिठ्ठ्या भांड्यात पडतात, आणि दैवी संकेत दरसाल त्याच चार घरांकडे बोट दाखवितो.

त्याच पानावर, दोन ओळी खाली, दुसऱ्या सोडतीची ताकीद आहे: फनफेअरनिमित्त प्रत्येक विद्यार्थ्याने रॅफल तिकिटांचे एक पुस्तक विकावे, ‘विक्री ऐच्छिक आहे, न विकलेली तिकिटे परत घेतली जाणार नाहीत’. शास्त्राधार यासही आहे. क्रूसाखाली बसलेल्या रोमन शिपायांनी येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्याच होत्या. फरक एवढाच की त्या शिपायांनी तिकिटे आपापसांत खपविली. बारा वर्षांखालील मुलांना शेजाऱ्यांच्या दारोदार पाठविण्याची कल्पना त्यांस सुचली नाही.

भाषेविषयी दोन शब्द बोलून टाकतो, कारण पालकांची खरी तक्रार तिकडेच असते. देवळात मिस्सा मराठीत चालते; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेस लोकभाषेची वाट मोकळी करून दिली. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास, उस्मानाबाद येथे २०२० साली, जो अध्यक्ष लाभला तो याच तालुक्याचा धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आणि शाळेचे पत्रक? ते साद्यंत इंग्रजीत. रोमने लॅटिन सोडली, शाळेने इंग्रजी सोडली नाही. घरातली आजी, जिची मराठी प्रार्थना साऱ्या वाडीत वाखाणली जाते, ती पत्रक उलटेसुलटे धरून नातवाला विचारते की फादर काय म्हणतात. आणि नातू, ज्याच्या गैरवर्तनाविषयीच तिसरे कलम आहे, तिला सांगतो की उद्या सुट्टी आहे.

पुन्हा यादीकडे येतो, कारण बाकी सगळे हसण्यावारी नेता येईल, ती येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. व्यवस्थापनाच्या जाणकारांनी यावर आम्हांस ऐकविले, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानुसार तो कायदा अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागूच नाही. बरोबर आहे; नाही लागू. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा जो अधिकार दिला, तो बहुमोल आहे आणि तो अबाधित राहावा असेच आम्हांसही वाटते. मात्र केळीवाल्याच्या पोरीचे नाव काचेआड टांगता यावे म्हणून तो संविधानसभेने दिला, असे कोणत्याही चर्चेत आमच्या वाचनात आले नाही.

सबब व्यवस्थापक फादरांच्या सेवेशी नम्र विनंती, की यादी फलकावरून आजच उतरवावी, आणि वसुलीचा तगादा ज्याचा त्याला बंद लिफाफ्यात, मराठीत, पाठवावा. लिफाफ्यांचा खर्च शुल्कात मिळविण्यास पालकांची हरकत असणार नाही. तेवढा प्रस्ताव कायद्याप्रमाणे पुढील वर्षाच्या सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवावा, आणि ती सभा रविवारी मिस्सेनंतर भरवावी.