बेडफर्डच्या शेरीफांच्या भानगडी

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, झाड तुमच्याच बाजूला झुकलंय. पण जरा थांबा, लेकीच्या गावची गंमत सांगायचीय. इंग्लंडात, बेडफर्डला अजून शेरीफ नेमतात! नाही हो, सिनेमातला छातीवर चांदणी लावलेला पिस्तूलवाला नव्हे, तो अमेरिकेतला. हा त्याचा मूळपुरुष. मखमली कोट, गळ्याशी लेस, कमरेला तलवार आणि पगार शून्य! न्यायाधीशांची सरबराई करायची, संस्थांना भेटी द्यायच्या, वर्षभर मिरवायचं, नि खर्च सगळा पदरचा. आपल्या मुंबईचे नगरपाल नाहीत का, भाऊ दाजी लाड दोनदा होते, पुढे दिलीपकुमार झाले, गावस्कर झाले? ते पद इंग्रजांनी तिथूनच आणलेलं.

माझा जन्म कोर्टाच्या नाझर शाखेत गेला, म्हणून मला ह्यात रस. समन्स बजावणं, जप्ती करणं ही आमची कामं पूर्वी ह्या शेरीफकडे. शिवाय सारा वसूल करायचा, कोर्ट भरवायचं, चोर पकडायचे, तुरुंग सांभाळायचा, वेळ पडली तर सैन्य जमवायचं. हजार वर्षांपूर्वीपासून परगण्यात राजाचा माणूस म्हणजे हा. बेडफर्डशायर नि शेजारचं बकिंगहॅमशायर मिळून तर सोळाव्या शतकापर्यंत एकच शेरीफ असायचा.

हिशेब द्यायला त्याला वर्षातून दोनदा राजाच्या खजिन्यात हजर राहावं लागे, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीला. तिथे दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरच्या सोंगट्या खाली पडायला नकोत. टेबलावर चौकटींचं काळं कापड. ह्या बाजूला शेरीफ, समोर खजिन्याचे अधिकारी, आणि सोंगट्या मांडून किती देणं, किती भरलं ते सगळ्यांदेखत मोजायचं. सारीपाटच म्हणा, फक्त हरला तर सुटका नाही. भरलेल्या रकमेच्या खाचा लाकडी पट्टीवर पाडायच्या, पट्टी उभी चिरायची, अर्धी त्याला, अर्धी सरकारजमा. खोटी पावती करायची सोयच नाही! त्या जुन्या पट्ट्या साचत गेल्या, १८३४ साली भट्टीत घातल्या, तर जवळजवळ अख्खं पार्लमेंट जळालं. आमच्याकडे निंदणीकरणाचे, म्हणजे जुनी कागदपत्रं निकालात काढायचे, नियम होते म्हणून आम्ही वैतागायचो, पण ते उगाच नसतात.

आता ह्यात मेख अशी, की परगण्याचा ठरलेला आकडा राजाला भरला की वरचं बरंचसं आपलं. मग काय विचारता! बाराव्या शतकात ओरड इतकी झाली, की दुसरा हेन्री चार वर्षांनी फ्रान्सहून परतला नि ११७० साली त्याने चौकशी लावून बहुतेक शेरीफांना एका फटक्यात घरी बसवलं. सुधारले म्हणता? नाव नको!

बेडफर्डचा नमुना तर ऐकाच. फॉक्स द ब्रोटे नावाचा. नॉर्मंडीतून आलेला भाडोत्री शिपाईगडी, जॉन राजाच्या मर्जीतला. एका वेळी पाच-सहा परगण्यांचा शेरीफ! बेडफर्डचा किल्ला त्याने १२१५ साली बळकावला आणि तो बळकट करायला गावच्या सेंट पॉल चर्चचे दगड उपसून नेले. देवाच्या घरावर डल्ला, मग माणसांच्या जमिनींची काय कथा? १२२४ साली राजाचे न्यायाधीश डन्स्टेबलला बसले, तेव्हा लोकांच्या जमिनी लाटल्याचे दावे एकामागून एक ह्याच्या विरुद्ध गेले. त्यावर ह्याच्या भावाने काय करावं? त्यातल्या एका न्यायाधीशालाच वाटेत उचललं नि किल्ल्यात कोंडलं! बेलिफाला कुत्रं अंगावर सोडणारे पाहिलेत मी, पण जज्जाला कोंडणारे नाही पाहिले.

तिसरा हेन्री तेव्हा सोळा वर्षांचा पोर. पण स्वतः वेढ्याला येऊन बसला. आठ आठवडे दगडफेकी यंत्रं चालली, शेवटी खाणकाम्यांनी बुरुजाखालून पोखरून आग लावली, भिंत चिरली, किल्ला पडला. आतल्या ऐंशीच्या वर माणसांना फाशी. फॉक्स स्वतः बाहेर होता, म्हणून वाचला. हद्दपार झाला नि दोन वर्षांनी परदेशातच मेला. बायको तर नवरा पडताच पुढे आली, म्हणाली, माझं लग्नच जबरदस्तीचं, मला मोकळं करा. तिला दोष देववत नाही हो.

आणि मजा पाहा, नाव काही बुडालं नाही. लंडनला थेम्सकाठी ह्याचा वाडा होता, त्यावरून त्या भागाला व्हॉक्सहॉल म्हणतात. तिथे मोटारींचा कारखाना निघाला, तो १९०५ साली ल्यूटनला, म्हणजे बेडफर्डशायरातच, आला. त्या गाड्यांवर गरुडाच्या तोंडाचा सिंह असतो ना, तो ह्याच्याच ढालीवरचा. आमचे जावई त्या गाडीला रविवारी पॉलिश करतात. मी काही बोलले नाही!

मग १३४० साली कायदा झाला, की शेरीफ एका वर्षावर नको. हळूहळू न्यायदान गेलं, सैन्य गेलं, वसुली गेली. तुरुंग नि फाशीची तजवीज तेवढी उरली. मान राहिला, मलिदा गेला, तसे लोक नेमणूक टाळायला लागले. अजूनही शेरीफ नेमताना राजा कातडी कागदावरच्या यादीत नावापुढे चांदीच्या दाभणाने भोक पाडतो, म्हणजे खाडाखोडीचं कामच नाही. पहिली एलिझाबेथ राणी भरतकाम करत होती, टाक हाताशी नव्हता, म्हणून सुई टोचली, असं सांगतात. थाप आहे. तिच्या आजोबांच्या वेळच्या भोकं पाडलेल्या याद्या आहेत की!

पण सगळ्यांत मला भावला तो जॉन हॉवर्ड. १७७३ सालचा शेरीफ, जवळच्या कार्डिंग्टनचा जमीनदार. सरकारी चर्चचा नव्हता, त्यामुळे कायद्याने पद घेणंच जोखमीचं, दंडाची टांगती तलवार. घेतलं. आणि आधीच्या शेरीफांनी जे हाताखालच्यांवर सोडलं होतं ते केलं, आपला तुरुंग स्वतः जाऊन पाहिला. ह्याच तुरुंगात शंभर वर्षांमागे जॉन बन्यन बारा वर्षं होता, ज्याचं पुस्तक हरी केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं.

हॉवर्डला काय दिसलं? निर्दोष सुटलेली माणसं परत आत कोंडलेली! का, तर जेलरला पगार नव्हता, कैद्यांच्या फीवर त्याचं पोट. सुटायचं तर जेलरला १५ शिलिंग ४ पेन्स, किल्लीवाल्याला २ शिलिंग. नसतील तर बसा आत. हॉवर्डने मॅजिस्ट्रेटांना म्हटलं, जेलरला पगार द्या. ते म्हणाले, पूर्वीचा दाखला आणा! हे उत्तर माझ्या किती ओळखीचं आहे, काय सांगू. तो बिचारा घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत दाखला शोधायला निघाला. दाखला मिळाला नाही, प्रत्येक ठिकाणी हाच अन्याय मिळाला. तुरुंगाची घाण कपड्यांत अशी मुरायची, की बंद घोडागाडीत बसवेना. वहीची पानंसुद्धा विस्तवासमोर धरून शेकायची, मगच वापरायची. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

वर्षभरात, १७७४ साली, पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि सुटकेची फी रद्द झाली, कैद्यांच्या आरोग्याचाही कायदा झाला. शेरीफकी एका वर्षाचीच, पण हा पुढे युरोपभर तुरुंग पाहत हिंडला आणि १७९० साली युक्रेनमधल्या खेरसोनला तापाने गेला. माझ्या मते त्या मखमली कोटाचं चीज करणारा बेडफर्डचा शेरीफ हाच.

तुमचा नातू लंडनला चाललाय ना शिकायला? त्याला सांगा, सेंट पँक्रसहून बेडफर्ड तासाभराच्या आत येतं. सेंट पॉल चौकात हॉवर्डचा पुतळा आहे, आणि तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर, नदीकाठी, फॉक्सच्या किल्ल्याची उरलेली टेकडी. जेवायला आमच्या लेकीकडे जा म्हणावं, नंबर देते मी.