मोजायचंच तर नीट मोजा

लता मोठी की आशा? अनुराधा पुढं की अलका? आणि आता, कुणाच्या गाण्याला यूट्यूबवर किती व्ह्यूज? कर्नाटकातल्या आमच्या सीमाभागात, औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या चहाच्या टपऱ्यांवर हा वाद बापाकडून पोराकडं आलेला आहे. वादाला माझी हरकत नाही. ज्या आकड्यांच्या जोरावर तो घातला जातो, त्यांना आहे.

सगळ्यात गाजलेला आकडाच घ्या. १९७४ साली गिनेस बुकानं लतादीदींच्या नावावर २५,००० गाणी मांडली. मोहम्मद रफींनी त्याला आव्हान दिलं, वाद वर्षानुवर्षं चालला आणि १९९१ मध्ये ती नोंदच काढून टाकली गेली. विश्वास नेरूरकरांनी एकेक गाणं शोधून सूची केली, तेव्हा दीदींची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली. पुढं २०११ मध्ये त्याच बुकानं ११,००० गाण्यांपर्यंतचा हिशेब धरून आशाताईंना मान दिला. मग काय, त्या वर्षापासून आशा मोठी झाली? आकडा घसरला म्हणून दीदींचा एक तरी सूर उतरला?

अनुराधा पौडवाल कारवारात जन्मलेल्या, म्हणजे याच कर्नाटकाच्या. ‘आशिकी’, ‘दिल है के मानता नहीं’, ‘बेटा’ अशी लागोपाठ तीन वर्षं फिल्मफेअर त्यांनी घेतलं. मग त्या एकाच कंपनीसाठी गाऊ लागल्या, भक्तिगीतांकडं वळल्या, आणि सिनेमावाल्यांनी त्यांना हिशेबातून वजा केलं. ‘करिअर संपलं’ म्हणणाऱ्यांनी पहाटे आमच्याकडच्या कुठल्याही देवळापाशी उभं राहावं. भोंग्यावर जो आवाज लागतो, त्याला कुठल्या यादीत कितवा नंबर आहे, हे तिथं हात जोडून उभ्या असलेल्या बाईला विचारायची गरज वाटत नाही.

आम्हा सीमेवरच्या माणसांना तर कुणीच मोजत नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्यातून निघून बिदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून मराठी गाण्याची लोकप्रियता मुंबई-पुण्यात ठरते, कन्नड गाण्याची बेंगळुरात. ज्या घरात सकाळी लता आणि संध्याकाळी एस. जानकी ऐकली जाते, ते घर दोन्हीकडच्या हिशेबात नाही. जानकीअम्मांनी २०१३ साली पद्मभूषण नाकारलं. फार उशीर झाला, दक्षिणेतल्या कलावंतांची कदर होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बरोबरच होतं. दिल्लीची मोजपट्टीही आखूड निघाली. आणि पदक नाकारल्यानं त्यांचा एक श्रोताही कमी झाला नाही.

गायिकांची तुलना करायची खरी जागा आमच्याकडं आहे, ती म्हणजे दुरंगी सामना. भीमजयंतीच्या दिवसांत एका बाजूला गायकाची पार्टी, दुसऱ्या बाजूला गायिकेची. त्यानं सवाल टाकायचा, तिनं तिथल्या तिथं जवाब गाऊन द्यायचा. रेकॉर्डिंग नाही, दुसरा टेक नाही, सूर सरकला तर झाकायला मशीन नाही. समोर शेतावरून आलेली माणसं, मांडीवर झोपलेली लेकरं घेऊन बसलेल्या बाया. जवाब पोचला की पब्लिक उठून नोट द्यायला धावते, नाही पोचला तर गप्प बसते. बाबासाहेबांचा विचार ज्या घरांत वर्तमानपत्र गेलं नाही तिथं या बायांच्या गळ्यातून गेला. त्यांच्या यशाची बरोबरी मी कुठल्याही पॉप स्टारशी करायला तयार आहे, आणि त्यात या बाया हरणार नाहीत.

कडूबाई खरातांना आज सगळे ओळखतात, कारण मोबाइलवरचा व्हिडिओ फिरला. व्हिडिओ फिरायच्या आधीही त्या एकतारी घेऊन तशाच गात होत्या. आवाज तोच, एकतारी तीच. तेव्हा किती जणांनी थांबून विचारलं, की बाई, तुमचं नाव काय? व्ह्यूज आले आणि मग आपल्याला त्या मोठ्या दिसल्या. ही आपल्या कानांची नामुष्की आहे.

जयंती मंडळाच्या, जत्रा कमिटीच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याशी थेट बोलतो. यंदा पोस्टर छापाल तेव्हा आमदारांचे, नगरसेवकांचे फोटो थोडे लहान करा आणि गायिकेचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत टाका. नुसतं ‘आणि पार्टी’ नको. इसार वेळेवर द्या. समोरच्या गायकाला जी बिदागी, तीच तिला द्या, आणि ती रात्रीच हातात पडू द्या, चार फेऱ्या मारायला लावू नका. कोण मोठी, हे नंतर ठरवू.